चार नंबरचे पाहुणे

आमच्या दारात पाटी आहे, 'आपलंच घर समजा.' ही माझ्या नवऱ्याची कल्पना. त्याच्या कल्पनांनी मी अर्धी झाले आहे.

शेतामधला हा दगडी बंगला त्याच्या पणजोबांनी बांधला. नुसता उभा ठेवायचा म्हटलं तरी नाकी नऊ यायचे, म्हणून आम्ही खोल्या पाहुण्यांना द्यायला लागलो. दारांवर नंबर लावले. स्वयंपाक मी बघते, पाहुणे नवरा. बरं चाललं होतं, तोवर सासऱ्यांची स्मरणशक्ती दगा देऊ लागली. नाश्त्याला बसलेल्यांवर ते खेकसायचे, "माझ्या घरात कोण घुसलंय?" एकदा तर एका नव्या जोडप्याला त्यांनी छत्री उगारून बागेत पिटाळलं.

तेव्हा नवऱ्याने शक्कल लढवली. "साहेब, हे हॉटेल आहे," तो सख्ख्या बापाला म्हणाला. "तुम्ही इथे उतरला आहात. चार नंबरची खोली तुमची. ही घ्या किल्ली."

सासरे ओशाळले. सगळ्यांची माफी मागून निमूट जेवले. आम्हाला हायसं वाटलं.

आता रोज सकाळी ते कोट चढवून, बॅग भरून व्हरांड्यात उभे राहतात. तक्रार काहीच नसते. माझ्या स्वयंपाकाचं तोंडभरून कौतुक करतात, जे भानावर असताना जन्मात केलं नाही. मग म्हणतात, "आता घरी जातो. मुलगा वाट बघत असेल."

काल नवरा अगदी काकुळतीला आला. "बाबा, हेच तुमचं घर. मी तुमचा मुलगा."

सासरे पाटीकडे बघून हसले. "हे तुम्ही सगळ्यांनाच सांगता, मॅनेजर."

ते जेवेनात की बसेनात. शेवटी नवऱ्याने गाडी काढली. लांबून फिरवून आणू, फाटकातून आत शिरताना ओळखतील, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू? ते गेल्या गेल्या मी पाटी उतरवली, दारांवरचे नंबर काढले आणि पाहुण्यांना चहा देऊन मागच्या बागेत बसवलं.

गाडी आली. सासरे पायऱ्या चढले. दाराच्या चौकटीवरून त्यांनी सावकाश हात फिरवला, अगदी ओळखीचा. नवरा श्वास रोखून उभा होता.

"मॅनेजर, परत तुमच्याकडेच?" त्यांनी वळून विचारलं. "घरी कुणी नव्हतं का?"

मला रडू आलं आणि रागही आला, पण रागवायचं तरी कुणावर?

"बरं, आजचा दिवस राहतो," सासरे म्हणाले. "माझ्या मुलाला तेवढा फोन करा. न्यायला ये म्हणावं. तो लगेच येईल. फार गुणी आहे हो माझा मुलगा."

हे ऐकायला नवऱ्याला पन्नाशी गाठावी लागली होती.

त्याने बॅग उचलली. "करतो, साहेब," तो म्हणाला आणि त्यांना चार नंबरच्या खोलीकडे घेऊन गेला.