पावतीशिवाय फाटक उघडत नाही

"म्हणजे वस्तू विकायची आपण, आणि वर पैसेही आपणच भरायचे?" लॉर्नाने चहाचा कप टेबलावर आपटलाच.

"अगं, ते परत मिळणार आहेत," तिचा नवरा क्लाइव्ह म्हणाला. "हे बघ, बँकेची मेल. गॅव्हिनने पैसे पाठवलेत, पण आपलं खातं साधं आहे म्हणून ते अडकलेत. पाचशे डॉलर भरले की खातं मोठं होतं आणि सगळे सुटतात."

लॉर्नाने कपाळावर हात मारला. विकायला काढलेलं खोगीर तिच्या वडिलांचं होतं. विराब्री गावच्या अग्निशमन स्वयंसेवकांना नवा पंप घेता यावा म्हणून तिने ते ऑनलाइन लिलावात ठेवलं होतं. जुना पंप मागच्या वणव्यात ऐन वेळी बंद पडला होता, आणि यंदाही विराब्रीच्या माळावरचं गवत आत्ताच पार वाळलं होतं. खोगिरावर सगळ्यात मोठी बोली गॅव्हिनची लागली. मग तो म्हणाला, साइट उगाच कमिशन कापते, थेट पैसे पाठवतो, सकाळी ट्रक येईल. आणि क्लाइव्हने तिला न विचारता मान डोलावली!

"तुझा ना, कोणावर विश्वासच नाही," क्लाइव्ह कुरकुरला. "आपण फाटकाशी अंडी ठेवतो. लोक नेतात, डब्यात नाणी टाकतात. कधी कोणी बुडवलंय?"

"कोण बुडवेल? लांबून धूळ दिसली तरी गाडी कोणाची ते तुला कळतं! या गॅव्हिनचं तोंड तरी पाहिलंयस?"

क्लाइव्हचं बोट मेलमधल्या लिंकवर जाऊ लागलं. आता मात्र लॉर्नाचा संयम सुटला.

"शेतावर लिलाव असला की पावत्या बघायला फाटकावर कोण उभं असतं?"

"मी. का?"

"माझ्या भावाला नांगरासकट मागे कोणी फिरवलं होतं?"

"मग! 'पैसे भरलेत' म्हणाला, पण पावती कुठे होती? मेहुणा झाला म्हणून काय झालं? पावती नाही तर..." क्लाइव्ह बोलता बोलता थांबला.

"मेहुण्याला पावती हवी, आणि गॅव्हिनची नुसती मेल चालते! ती बँकेचीच कशावरून? तुझ्या नेहमीच्या ॲपमध्ये बघ. त्या लिंकला हात लावू नकोस."

क्लाइव्हने ॲप उघडलं. एक सेंटही आला नव्हता. कार्डामागच्या नंबरवर त्याने बँकेला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, पैसे सोडवायला आम्ही कधीच पैसे मागत नाही.

"अरे देवा! खोगीरही गेलं असतं, पैसेही!" क्लाइव्ह फोन ठेवत म्हणाला. "तू बडबडलीस म्हणून वाचलो गं."

सकाळी खरंच ट्रक आला. क्लाइव्ह टोपी घालून फाटकावर उभा होता.

"मला फक्त सामान न्यायला सांगितलंय हो," भाड्याचा ड्रायव्हर म्हणाला.

"तुझा दोष नाही, मित्रा. पण पैसे आल्याशिवाय इथून काही बाहेर जात नाही."

त्यानंतर गॅव्हिनने फोन उचललाच नाही. क्लाइव्हने साइटकडे तक्रार केली, आणि खोगीर दुसऱ्या क्रमांकाची बोली लावणाऱ्या डॅफ्नीबाईंना मिळालं. बाई शेजारच्या गावच्या शिक्षिका. येताना घरचा केक घेऊन आल्या आणि फाटकातच म्हणाल्या, "पैसे आत्ताच साइटवर भरलेत हं!" लॉर्ना एकदम खूश. खोगीर उचलून निघालीच.

"थांब!" क्लाइव्ह ओरडला. "अजून जमा दिसत नाहीत."

"अरे, त्यांनी केक आणलाय!"

"केक खाऊ. खोगीर नंतर."

डॅफ्नीबाई खो खो हसल्या. केक संपता संपता साइटवर पैसे जमा दिसले आणि क्लाइव्हने स्वतः खोगीर त्यांच्या गाडीत ठेवलं. लॉर्ना चिडली होती खरी, पण तिला मनातून बरं वाटलं.

मंडळी, क्लाइव्ह आणि लॉर्ना ट्रॅन्टरांचा अंड्यांच्या पैशांचा डबा अजून फाटकाशीच आहे. ओळखीच्या माणसांवर विश्वास जरूर ठेवा. पण ऑनलाइन लिलावात फाटकावर दुसरं कोणी नसतं, आपणच उभं राहायचं असतं. पैसे साइटवरूनच घ्या आणि द्या, जमा झालेत का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि विकणाऱ्याकडेच कोणी पैसे मागितले तर फाटक बंद करा. त्या उन्हाळ्यात विराब्रीच्या माळावर पुन्हा आग लागली, तेव्हा नवा पंप पहिल्याच झटक्यात सुरू झाला.