नव्वद दिवसांची खुर्ची

माझी बायको गेली त्या दुपारी मी दोन बिस्किटं खाल्ली. हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो. नर्सने चहा आणि पुडा हातात दिला, आणि मी खाल्ली. चव आठवत नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळींना फोन करून सांगितलं आणि माझे चार वर्षांचे दिवस पुसले गेले. नियमच तो आहे. साखर-मैदा सोडायचा, जेवण काट्यावर तोलून घ्यायचं, आणि पथ्य मोडलं की पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढच्याबद्दल आहे.

आमचा गट खाण्याचं व्यसन असलेल्यांचा. लोक हसतात. मीही हसायचो. मग एकदा आमच्या वॉशिंग मशीनच्या मागे पावाच्या रिकाम्या पिशव्या सापडल्या. एकोणीस होत्या. मी दुकानात गेलो की ही उभ्या उभ्या अख्खा पाव संपवायची आणि मग रडत बसायची, आणि मला वीस वर्षांत पत्ता नव्हता. पुढे तिला ही मंडळी भेटली, ती सावरली, आणि तिने आमच्या भागात गुरुवारची बैठक सुरू केली. वाचनालयाची मागची खोली, नऊ खुर्च्या, एक टेबल. मी तिला सोडायला जायचो. एकदा ऊन होतं म्हणून आत बसलो, तर कोणीतरी माझीच गोष्ट सांगत होतं. तेव्हापासून मीही आतलाच.

माझा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. त्यामुळे गटात माझं नाव काटेवाले. हिने एक पद्धत पाडली होती: बैठक चालवणाऱ्याने आधी आपला घरचा काटा टेबलावर ठेवायचा, मी त्यावर दोनशे ग्रॅमचं वजन ठेवायचं, सगळ्यांनी बघायचं. बाकी चालवायला अट एकच, सलग नव्वद दिवस पथ्य. ही स्वतः एक्क्याण्णवाव्या दिवशी खुर्चीत बसली तेव्हा हातातला कागद थरथरत होता. म्हणायची, "खुर्चीत बसले म्हणून मी टिकले. नाहीतर ब्याण्णवाव्या दिवशी पाव आणला असता."

शेवटच्या आठवड्यात तिने मला जवळ बोलावलं. वाटलं, घरातलं काही सांगेल. म्हणाली, "शिंपीणबाईला खुर्चीत बसव. नव्वद भरले की लगेच. ती म्हणेल मला जमायचं नाही. ऐकू नकोस."

शिंपीणबाईचे नव्वद कधी भरतच नव्हते. चाळीस झाले की मोडायचं, साठ झाले की मोडायचं. पण बाई हसरी. "माझ्या टेपला सगळ्यांची कंबर माहीत, भाऊंच्या काट्याला सगळ्यांचं पोट," असं म्हणून नव्या माणसाला मोकळं करायची. ही गेल्यावर आठ महिन्यांनी, एका गुरुवारी, तिचे चौऱ्याऐंशी झाले होते. आल्या आल्या म्हणाली, "भाऊ, नवा ब्लाउज शिवलाय. पुढच्या गुरुवारी घालणार."

आणि त्याच दिवशी सगळ्या गटांचे नियम ठरवणाऱ्या समितीच्या बाई फाइल घेऊन आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी कागद वाचला: यापुढे बैठक चालवणाऱ्याचं पथ्य सलग दोन वर्षांचं हवं.

"का?" मी विचारलं.

"काका, एका गटात चालवणाऱ्याचंच पथ्य मोडलं. त्याने लपवलं. गट फुटला."

"त्याचे किती दिवस झाले होते?"

त्यांनी फाइल चाळली. "पाच वर्षं."

"मग दोन वर्षांच्या अटीने तो अडला असता का?"

"काका, निर्णय झालाय."

"एका घरी नळ गळला म्हणून अख्ख्या गावाचं पाणी तोडता होय?"

समितीच्या बाईंनी सगळ्यांचे दिवस लिहून घेतले. सात माणसं. माझे आठ महिने. दोन वर्षांवर एकटे मास्तर, नऊ वर्षं. शाळेत चित्रकला शिकवायचे. खुर्चीत बसायला नेहमी नको म्हणत, मला बोलता येत नाही म्हणत. तीस वर्षं वर्गात बोललेला माणूस!

"मग पुढच्या गुरुवारपासून मास्तर," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी मान डोलावली, पण चेहरा उतरला होता. शिंपीणबाईने पर्स उचलली. जाताना पायरीवर एवढंच म्हणाली, "बरंच झालं भाऊ. मला कुठे जमणार होतं." मग घराकडे न वळता ती कोपऱ्यावरच्या बेकरीच्या दिशेने गेली. मी पायरीवर उभा राहून बघत होतो. ती काचेसमोर थांबली, बराच वेळ थांबली, आणि मग पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दुकानात आले. पिशवीतून जुना स्प्रिंगचा काटा काढला.

"गुरुवारी टेबलावर ठेवावा लागेल. जरा बघता?"

मी दोनशेचं वजन ठेवलं. काटा एकशे सत्तरवर थांबला. पुन्हा ठेवलं. एकशे सत्तर. रिकामा असताना शून्यावरच दिसायचा, कारण त्याची सुई खालच्या खिळीला अडून थांबायची. खालचा स्क्रू पाहिला. त्याच्यावर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे होते. स्प्रिंग थकली तर तो स्क्रू आपोआप फिरत नाही.

"कधीपासून?"

"अडीच वर्षं असतील." ते माझ्याकडे बघत नव्हते. "तीस ग्रॅमच, काटेवाले. दर जेवणाला तीस ग्रॅम जास्त."

मला काय काय बोलावंसं वाटलं! माझी दोन बिस्किटं मी भरल्या घरात, रडती माणसं सोडून, फोनवर सांगितली होती. शिंपीणबाईने एकदा चुकून चाटलेला चमचासुद्धा सांगितला होता, आणि त्रेसष्ट दिवस घालवले होते. आणि नऊ वर्षांचा मान ह्यांना.

"सांगायला काय झालं होतं?"

"नऊ वर्षं म्हटल्यावर..." ते थांबले. "वहिनी सगळ्यांना माझं उदाहरण द्यायच्या. मग सांगता येईना."

तिथे माझा राग त्यांच्यावरून सरकला. जेवढे दिवस जास्त, तेवढं तोंड उघडणं अवघड. आणि समितीला वाटतं, दिवस वाढवले की खरं बोलणारी माणसं मिळतात.

मी स्क्रू बसवला, दोनशेला दोनशे आणलं. म्हटलं, "काटा झाला. दिवस तुमचे तुम्ही मोजा. मी कोणाला सांगणार नाही."

गुरुवारी समितीच्या बाई नवा नियम कसा चालतो ते बघायला हजर. शिंपीणबाई दाराजवळच्या खुर्चीत, पर्स मांडीवर धरून. अंगात नवा ब्लाउज होता. मी डोळ्यांनीच विचारलं. तिने बोटांनी नऊ दाखवले, मग एक.

मास्तरांनी काटा टेबलावर ठेवला. मी वजन ठेवलं. दोनशे.

"आज बरोबर दाखवतोय," मास्तर उभ्यानेच म्हणाले. "गेल्या गुरुवारपर्यंत दाखवत नव्हता. स्क्रू मीच फिरवला होता. नऊ वर्षं नाहीत माझी. आज माझा सातवा दिवस."

समितीच्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. "मग... मग ह्या गटात पात्र कोणीच नाही. मला बैठक स्थगित करावी लागेल."

"बाई, जरा बघा," मी म्हणालो. आवाज चढला, चढू दिला. "हा माणूस अडीच वर्षं गप्प होता. आज सगळ्यांसमोर बोलला. तुमच्या फाइलीत तो आज नापास होतो, गेल्या आठवड्यात पास होता! खोटं होतं तेव्हा खुर्ची दिलीत, खरं बोलला तेव्हा खोलीलाच कुलूप?"

"काका, मी फक्त नियम—"

"नियम मलाही कळतात. जन्मभर वजनं तपासली. काटा खोटा असेल तर वजन बदलून उपयोग नसतो." मी दाराकडे वळलो. "शिंपीणबाई, या. बसा."

"भाऊ, मला जमायचं नाही."

"असंच म्हणाल, हे ती सांगून गेली आहे. आणि ऐकू नकोस म्हणाली आहे."

ती रडायला लागली, मग नाक पुसून उठली. पर्समधून तिने आपला छोटा काटा काढला, रुमालात गुंडाळून आणलेला. म्हणजे नको म्हणतानाही आणला होता. मी वजन ठेवलं. दोनशे.

"मला हे वर कळवावं लागेल," समितीच्या बाई हळूच म्हणाल्या. "यादीतून तुमच्या गटाचं नाव जाईल."

"कळवा. स्पेलिंग नीट लिहा म्हणजे झालं. आम्ही गुरुवारी साडेपाचला इथेच असतो."

त्या फाइल घेऊन गेल्या. दार लागल्याचा आवाज आला.

शिंपीणबाई खुर्चीत बसली. सुरुवातीचा कागद हातात घेतला, तो इतका थरथरत होता की तिला ओळ सापडेना. मास्तर शेजारच्या खुर्चीत सरकले आणि त्यांनी कागदाचं दुसरं टोक धरलं.

"वरून दुसरी ओळ," ते म्हणाले.

तिने वाचायला सुरुवात केली.