आक्कांचा हात

"आई गं!" म्हणून मास्तरीणबाई दवाखान्यातल्या मालिशच्या टेबलावर उठून बसल्या. त्यांच्या पोटऱ्यांवर लाल ओरखडे उठले होते. आक्का बघतच राहिल्या. कोरडं औषधी चूर्ण पायाकडून वर, लवेच्या उलट चोळायचं, हे त्या सव्वीस वर्षं करत होत्या. पण ओरखडा? आजवर एकही नाही!

त्यांनी चिमूटभर चूर्ण उजेडात धरलं. काड्या! सालपटं! त्या तशाच तरातरा बाहेर आल्या.

"हे कापडातून गाळलेलं नाही!"

वैद्यबुवा आजारी पडल्यापासून दवाखाना त्यांचा जावई बघायचा. त्याने मानही वर केली नाही. "गाळत बसायला वेळ कुणाला आहे? गिरणीतून आलं तसं भरलं. पण आधी स्वतःच्या हातावर चोळून बघायचं, हा नियम तुमचाच ना, आक्का?"

"बघितलं मी!"

"मग दोष कुणाचा? उद्यापासून येऊ नका."

आक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाळायचा नियम मोडायचा ह्याने आणि घरी बसायचं आम्ही? वा रे वा! पण शिवी ओठावरच थांबली. त्यांनी खरंच बघितलं होतं, दोनदा. आता तिसऱ्यांदा मनगटापासून कोपरापर्यंत खसाखसा चोळलं. काही म्हणजे काही टोचलं नाही. रोज चोळून चोळून कातडी निबर झाली होती, आणि त्यांना पत्ताच नव्हता. मेल्या हाता, तूसुद्धा!

"इकडे आणा हात," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

आक्कांनी त्याचा हात ओढला. त्याची बाही वर सरकवली, मूठभर चूर्ण घेतलं आणि टेबलावर चोळायच्या त्याच जोराने मनगटापासून वर चोळलं.

"अहो, सोडा! सालटं निघालं!"

चादर गुंडाळून दारात आलेल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "माझंही असंच निघालं."

"चुकलं माझं, बाई," आक्का म्हणाल्या. "माझ्या हाताला आता काही कळत नाही. ह्यांच्या हाताला कळतं." त्यांनी खुंटीवरचं गाळायचं कापड ओढून जावयापुढे आपटलं. "मी उद्या येणार. आणि चूर्ण रोज आधी तुमच्या हातावर चोळणार. नाहीतर आत्ता चला, सासऱ्यांना हा हात दाखवू."

जावयाने मास्तरीणबाईंकडे पाहिलं, मग स्वतःच्या लालभडक हाताकडे. बाही खाली न करताच त्याने कापड उचललं.