सवय नव्हे, आईवर गेले

मी एक जुनं झुरळ आहे. जुनं म्हणजे सहा महिन्यांचं. आमच्यात एवढ्यात आजी होतात. बेकरीच्या भट्टीमागे, तडा गेलेल्या फरशीखाली कालपर्यंत माझं बिऱ्हाड होतं. आज सकाळपर्यंत पोटाला अंड्यांची शेवटची कुपी चिकटलेली होती, चाळीस अंड्यांची. ती सुखरूप फुटावी, एवढीच आता इच्छा आहे. पण मित्रांनो, आधी एका शब्दाबद्दल बोलू द्या. त्या शब्दाने मला वीट आणला आहे.

तो शब्द म्हणजे ‘सवय’.

दर महिन्याला औषधवाला येतो, गोड औषधाचे ठिपके कोपऱ्याकोपऱ्यांत लावतो आणि बेकरीवाल्या बाईंना ऐकवतो, “ताई, झुरळं हुशार झालीत. औषधाची सवय झालीय त्यांना.” कपाळावर मारून घ्यायला मला हात नाहीत, हेच बरं.

अहो, कसली हुशारी? मी काहीही शिकले नाही. जन्मापासूनच मला गोड कडू लागतं. जन्म बेकरीत आणि केकचा कण तोंडात धरवत नाही, ही थट्टाच म्हणायची. आईलाही तसंच लागायचं. बाबा मात्र गोडावर तुटून पडणारे. आमच्या कुपीतून चाळीस पिल्लं निघाली. निम्मी आईवर गेली, निम्मी बाबांवर. औषध येण्याआधी आमचे हालच होते. साखर चालेना, म्हणून अंगही भरेना. बाबांवर गेलेली गुबगुबीत भावंडं आम्हाला ‘नखरेल’ म्हणून चिडवायची.

मग ठिपके लागले. बाबा आणि ती वीस भावंडं दोन दिवसांत उताणी पडली. आम्ही कोरडं पीठ आणि खोक्यांची खळ चाटत राहिलो, म्हणून उरलो. पुढची पिल्लं झाली ती उरलेल्यांचीच. त्यांतलं एखादं गोडखाऊ निघालं, तर ते पुढच्या ठिपक्याला जायचं. यात सवय कुठे आली, सांगा.

गेल्या आठवड्यात तपासनीस येऊन बाईंना बजावून गेला, “आठ दिवसांनी एक जरी झुरळ दिसलं, तर कुलूप लावीन.” औषधवाला म्हणाला, “दुप्पट लावू.” बाई रडकुंडीला आल्या. शाळेत विज्ञान शिकवणारी त्यांची नणंद पिठाच्या पोत्यावर बसून उत्तरपत्रिका तपासत होती. तिने लाल पेन खाली ठेवलं.

“वहिनी, दुप्पट लावून काय होणार? जी तोंडच लावत नाहीत, त्यांना एक ठिपका काय नि दहा काय.”

“पण वन्सं, आधी तर खायची. आता सवय झाली ना?”

“खाणारी मेली, वहिनी. ही न खाणाऱ्यांची पोरं आहेत. या उत्तरपत्रिकांतसुद्धा निम्म्या मुलांनी ‘सवय झाली’ असंच लिहिलंय. माझं डोकं फिरायची वेळ आलीय. साखर नसलेलं औषध आणा, भेगा बुजवा, गळका नळ आधी दुरुस्त करा.”

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी समजून घेतलं, आणि तेच माझ्या मुळावर उठलं.

नळ परवा दुरुस्त झाला. काल भेगांत सिमेंट भरलं. मी कशीबशी बाहेर निसटले. आज सकाळी नवा, बिनसाखरेचा ठिपका दिसला. मी चाखला. खरं सांगते, इतकं चविष्ट मी जन्मात काही खाल्लं नव्हतं.

आता मागचे पाय हलत नाहीत. कुपीची वेळ भरलीच होती. ती कपाटाच्या बिजागरीमागे चिकटवून आले. आई म्हणून यापुढे माझ्याकडून काही होण्यासारखं नाही. त्या चाळिसांत एखाद-दुसऱ्याला हे नवं औषधही कडू लागेल. कोणाला, ते मला कळणार नाही, त्यांनाही नाही. ती जगली तर मित्रांनो, कृपा करून त्यांना हुशार म्हणू नका. उत्तरपत्रिकेत जागा उरली, तर त्यांची अडतीस भावंडं गेली, तेवढं लिहा.