आयुष्यापुरतं लग्न

नेड्राने थेनशी लग्न केलं तेव्हा ती पासष्ट वर्षांची होती आणि तो अडुसष्टचा. आयडाहोतल्या ज्या खोऱ्यात दोघांचं आयुष्य गेलं होतं, तिथे कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. तिचा रूलन जाऊन तीन वर्षं झाली होती, त्याची ॲफ्टन जाऊन दोन. लग्नाआधीच्या हिवाळ्यात रोज पहाटे कुणीतरी आपल्या दारातला बर्फ उपसून जातंय, हे नेड्राच्या लक्षात आलं. एक दिवस ती लवकर उठून खिडकीशी बसली, फावडं घेऊन आलेल्या थेनला तिने रंगेहाथ पकडलं आणि आत बोलावून पॅनकेक खायला घातले. पुढचं आपोआप जुळत गेलं.

लग्नाला चार वर्षं झाल्यावर दोघांनी चर्चला कळवलं, आम्ही दीड वर्ष सेवेला जायला तयार आहोत, कुठेही धाडा. पत्र आलं ते आल्बेनियाचं. अशा रीतीने ही म्हातारा-म्हातारी कोर्चा गावात, पोलिक्सेनीच्या घरी वरच्या मजल्यावर राहायला आली.

पोलिक्सेनी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मुलाकडे नऊ वर्षं अमेरिकेत राहून परत आलेली, त्यामुळे तिला इंग्रजी चांगलं यायचं आणि बोलायची हौस दांडगी. पहिल्याच दिवशी तिने कॉफी पुढे केली. थेन म्हणाला, "आमच्यात कॉफी चालत नाही." तिने घरच्या दारूची, राकीची बाटली काढली. "तेही नाही." पोलिक्सेनीने दोघांना नीट न्याहाळलं.

"मग तुम्ही जगता कशाच्या आधारावर?"

शेवटी डोंगरातल्या झुडपाचा काढा चालतो असं ठरलं, आणि तेव्हापासून रोज चार वाजता खालून जिन्यावर काठी आपटल्याचा आवाज येऊ लागला. काढा उकळला, असा त्याचा अर्थ.

कामही भरपूर होतं. बुधवारी इंग्रजीचा वर्ग. बाकीचे दिवस चर्चमधल्या एकट्या-दुकट्या म्हाताऱ्यांची घरं. थेन नळ दुरुस्त करायचा, चुलीचे पाइप साफ करायचा. नेड्रा कुणाचे केस विंचरून द्यायची, कुणाची नखं कापायची. संध्याकाळी दमून दोघं स्टोव्हजवळ बसायची. आयडाहोत तिची सहा मुलं, त्याची पाच, आणि त्या सगळ्यांची पिल्लं. चार वर्षांत दोघांना निवांत असं कधी बसायलाच मिळालं नव्हतं. आपलं खरं लग्न इथे आल्यावर झालं, असं नेड्राला अधूनमधून वाटे. ती हे बोलत नसे.

फेब्रुवारीत पोलिक्सेनीच्या नवऱ्याची, सोतीरची पुण्यतिथी आली. ती दोघांना घेऊन टेकडीवरच्या दफनभूमीत गेली. तिने दगडावरचा सोतीरचा फोटो पुसला, मेणबत्ती लावली, साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू वाटीत वाढले. थेन पाणी आणायला फाटकापाशी गेला.

"हे बघ," पोलिक्सेनीने फोटोशेजारी बोट ठेवलं, "माझंही नाव आधीच कोरून ठेवलंय. तारीख तेवढी राहिली."

"आमचंही आहे," नेड्रा हसून म्हणाली.

"एकाच दगडावर?"

"नाही. थेनचं ॲफ्टनशेजारी. माझं रूलनशेजारी. मध्ये दहा मैल."

"आणि वर?"

"वरही तसंच. आमच्या चर्चच्या मंदिरात लागलेलं लग्न मेल्यावरही टिकतं. माझं रूलनशी तिथे लागलं, त्याचं ॲफ्टनशी. आमचं दोघांचं लग्न मरेपर्यंतचं."

"अगं बाई! म्हणजे हा म्हातारा तू उसना आणलायस होय!" पोलिक्सेनी एवढ्या मोठ्याने हसली की दूरच्या थडग्यावरच्या दोन बायका वळून बघू लागल्या.

नेड्राही हसली. पण वाटीतले गहू तिने तसेच खाली ठेवले.

आठवडाभर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सूप करपलं. थेन पुस्तक वाचता वाचता डुलकी घेई, तेव्हा ती त्याच्याकडे टक लावून बघत बसे. त्याच्या कानामागे एक जुना व्रण होता, गाईने शिंग मारल्याचा. तो आपण कधी नीट पाहिलाच नव्हता.

"गुडघा दुखतोय का?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. तेवढं सांगणं सोपं होतं.

शनिवारी दोघं रविवारच्या सभेसाठी हॉल झाडायला गेली. एका दुकानाच्या वर भाड्याने घेतलेला हॉल. थेन खुर्च्या मांडत होता, ती फरशी पुसत होती. पुसता पुसताच, वर न बघता तिने विचारलं,

"थेन, वर गेल्यावर ॲफ्टनला माझ्याबद्दल काय सांगशील?"

थेनने हातातली खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला.

"म्हणजे गुडघा नव्हता तर."

"सांग ना."

"सांगेन, की तू गेल्यावर मी दोन वर्षं डब्यातलं सूप ओट्यापाशी उभ्यानेच पीत होतो. मग एका बाईने मला खुर्चीवर बसवून माणसासारखं जेवायला लावलं." तो डोकं खाजवत राहिला. "ॲफ्टनला मी ओळखतो. ती आधी तुझ्या गळ्यात पडेल. मग विचारेल, याला एवढा लठ्ठ का करून ठेवलास?"

नेड्राला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. ती ओल्या फरशीवरच बसली.

"रूलनला सोडायचं मी म्हणत नाही. एकेचाळीस वर्षं मला चांगलं वागवलं त्याने. पण मला तूही हवा आहेस. या वयात ही कसली हाव? देवाला काय वाटत असेल?"

थेन उठून तिच्याजवळ आला. खाली बसायला त्याला बराच वेळ लागला.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "रविवारी उभा राहून धडा देतो खरा, पण हे मला ठाऊक नाही. ज्याने आपल्याला एकमेकांसमोर आणलं, तो वर नेऊन आपली ओळख पुसून टाकेल असं काही मला वाटत नाही. ते मी त्याच्यावर सोपवलंय." मग म्हणाला, "मला भीती वाटते ती मार्चची."

"मार्चची?"

"दीड वर्ष संपून घरी गेलो की तू तुझ्या सहांत, मी माझ्या पाचांत. नाताळ इकडे, वाढदिवस तिकडे. इथे डोळा उघडला की तू दिसतेस. मला त्याची चटक लागलीय, नेड्रा."

पाणी फरशीवरून वाहत दोघांच्या कपड्यांपर्यंत आलं, तरी कुणी उठलं नाही.

सोमवारी थेनने तिरानाला चर्चच्या कचेरीत फोन करून विचारलं, की आणखी सहा महिने राहू का? तिकडून आनंदाने होकार आला. अवघड फोन नेड्राचा होता. मोठ्या मुलीने विचारलं, "आई, तिथे एवढं काय काम उरलंय?"

"काम आहेच. पण खरं सांगायचं तर मला थेनबरोबर राहायचंय."

मुलगी हळूच म्हणाली, "मग राहा ना. एवढं कशाला लाजतेस?"

त्या दिवशी पोलिक्सेनी स्वतः जिना चढून वर आली, हातात कांद्याची पात भरून भाजलेलं गरम लाक्रोर घेऊन.

"त्या दिवशी माझी जीभ जरा सैल सुटली," ती दारातूनच म्हणाली.

"छे हो, तुम्ही विचारलंत ते बरंच झालं."

"सोतीरबरोबर सत्तेचाळीस वर्षं काढली मी. माणूस सोन्यासारखा, पण घोरणं असं की भिंती हलायच्या. वर गेल्यावर मी आधी वेगळी खोली मागणार आहे." तिने थेनकडे बघितलं. "तुम्ही घोरता का हो?"

"घोरतो," थेनच्या आधी नेड्राच म्हणाली. "घोरू दे."

त्या सहा महिन्यांत जगावेगळं काही घडलं नाही. इंग्रजीच्या वर्गात चार माणसं वाढली, एका म्हाताऱ्याला थेनने छप्पर शाकारून दिलं. जूनमध्ये एका सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, दोघं बस पकडून पोग्रादेचच्या तळ्यावर गेली आणि तासाभरासाठी नाव घेतली. थेनला वल्ही मारता येत नव्हती. नाव गोल गोल फिरत होती. काठावरची माणसं हसत होती, आणि नेड्रा समोर बसून, घसा बसेपर्यंत, "डावीकडे, अरे डावीकडे!" असं ओरडत होती.