कापसाच्या मिशा

धाराशिवच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या गिरणीत, पाणी पाजायचं काम धुरपदाकडं होतं. लिंबाखाली दोन रांजण, शेजारच्या फांदीला झोळी, झोळीत तिचं पाच महिन्यांचं लेकरू. पाणी द्यायचं, झोका द्यायचा, रडलं की पदराखाली घ्यायचं. आत मशीनपाशी काम लागलं असतं तर? तिथं कापसाचा धुरळा. लेकराला न्यायची सोय न्हाय.

त्या साली चैत्री पुनवेनंतर आजूबाजूच्या गावांत जुलाब-उलट्यांची पटकी आली. दवाखान्यातून शरिफाबी नर्स जिनिंगमध्ये शिकवायला आल्या. रांजणात औषध किती टाकायचं ते त्यांनी दाखवलं आणि धुरपदाच्या हातात लांब दांड्याचं ओगराळं दिलं.

"आजपासून रांजणात कुणाचा हात न्हाय, लोटा न्हाय. तू वरनं वतायचं, त्यांनी ओंजळीनं प्यायचं. कुणी हात घातला तर 'थांबा' म्हणायचं."

"मुकादमांनी घातला तर?"

"त्यांनाबी!"

गुरुसिद्धप्पा मुकादम म्हणजे सासऱ्याच्या वयाचे. जन्मात धुरपदानं मोठ्या माणसाला 'न्हाय' म्हटलं नव्हतं.

"शनिवारी बघायला येते," शरिफाबी म्हणाल्या. "जमलं तर पाण्यावर तूच. न्हाय जमलं तर मालक दुसरी बाई बघतील, आन् तू आत."

धुरपदानं झोळीकडं पाहिलं.

"चल बेटी, आत्ताच म्हणून बघ." शरिफाबींनी तिला गोदामात नेलं, कापसाचे दोन पुंजके ओठावर चिकटवले, पोट पुढं काढलं नि लोटा घेऊन मुकादमासारख्या डुलत आल्या.

"थां..." म्हणता म्हणता धुरपदाला हसू फुटलं. दुसऱ्यांदाही तेच. शेवटी दोघी गाठोड्यांवर बसून डोळे पुसत राहिल्या.

"हसून म्हण, रडून म्हण," शरिफाबी म्हणाल्या, "पण म्हण बाई!"

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन थांबलं. बाया-गडी लिंबाखाली जमले. गुरुसिद्धप्पा सगळ्यांत पुढं, हातात पितळी लोटा. लोटा रांजणाच्या तोंडाशी आला, तशी धुरपदानं वर पाहिलं. गुरुसिद्धप्पांच्या मिशांवर आतला कापूस बसला होता. दोन पांढरे पुंजके, अगदी शरिफाबींसारखे!

तिला हसू आलं, आणि हसण्याबरोबर शब्दही सुटला.

"थांबा, आप्पा!"

"मला थांबवतीस?"

"म्या न्हाय जी. मुकादम हाय का हमाल, ते पटकी इचारत न्हाय. वंजळ करा."

आप्पांनी लोटा खाली ठेवून ओंजळ पुढं केली. एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"दवाखान्याचा वास येतोय की गं!"

"दवाखान्यात निजण्यापरीस बरा न्हवं का?"

बाया फिदीफिदी हसल्या. आप्पा गरकन वळले. "दात काय काढताय? लोटे खाली ठेवा! वळीनं या!"

शनिवारी शरिफाबी उन्हातानातून आल्या त्या घशाला कोरड पडूनच. कुणाचा तरी लोटा उचलून थेट रांजणाकडं गेल्या.

"थांबा, बाई!"

शरिफाबींनी जीभ चावली. मुकाट्यानं ओंजळ केली, पण हसूच आवरेना. पाणी कोपरावरून वाहत साडीवर आलं.

धुरपदानं एका हातानं झोळीला झोका दिला आणि दुसऱ्यानं ओगराळं पुन्हा भरलं.