हाकेला आलेले मासे

उजाडता उजाडता सगळं गाव धक्क्यावर लोटलं होतं. गुडघाभर पाण्यात भगव्या कफनीतले बाबा उभे, आणि त्यांच्या पायांशी चपटे मासे, खेकडे, कोळंबी यांची ही दाटी! ना जाळं, ना गळ. हात घालावा आणि उचलावं.

"मी हाक मारली, ते शरण आले," बाबा म्हणाले. "आता सात दिवस कालवांचे पिंजरे तळाशीच राहू द्या. वर ओढाल तर समुद्राचा विश्वास उडेल."

कालवं वाढवणाऱ्या घरातली थोरली सून गर्दीतच होती; तिला हे पटेना. वारा पडून उकडायला लागलं की दोरी ओढून पिंजरे वर घ्यायचे, ही तिच्या सासऱ्यांची शिस्त. दोन वर्षं वाढवलेली कालवं त्यांत होती, घर त्यांच्यावरच चालायचं. पण अख्खं गाव माना डोलावत असताना एकटीनं वाईटपणा कोण घेणार? तिनंही डोलावली.

तिची धाकटी जाऊ शाळेत विज्ञान शिकवायची, आणि थोरलीच्या मते घरातही तेच करायची. पाचव्या दिवशी ती दोन बादल्या घेऊन धक्क्यावर आली. एकीत वरचं पाणी, दुसरीत बाटल्या बुडवून तळाचं आणलेलं. दोन्हींत तिनं एकेक मासा सोडला. वरच्या पाण्यातला मजेत पोहू लागला. तळाच्या पाण्यातला तोंड वासून निपचित पडला, बाबांच्या पायांशी मासे पडत तसाच.

"बघा, भक्ती!" कुणीतरी ओरडलं.

"थांबा, घालवते," म्हणत धाकटीनं ते पाणी तांब्यानं उंचावरून ओतून ओतून घुसळलं. थोड्या वेळानं मासा असा उसळला की पुढच्यांचे कपडे भिजले. लोक हसले. बाबा हसले नाहीत.

"नदीचं तापलेलं गोडं पाणी हलकं, ते वर राहतं," धाकटी म्हणाली. "वारा नसला की खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. मेलेलं शेवाळ तळाशी कुजतं आणि तिथला प्राणवायू संपवतं. पहाटे जमिनीवरून मंद वारा सुटला की वरचं पाणी बाहेर सरकतं, तळाचं भरतीबरोबर किनाऱ्याला येतं. मासे त्याच्यापुढे जीव घेऊन पळतात. खेकडे आधी खांबांवर चढतात, बाबांची हाक नंतर येते. मी तीन पहाटा पाहिलंय. उद्या समुद्रावरून जोराचा वारा आहे, बाबा. उद्या बोलवून दाखवा."

"उद्या आमचं मौन आहे," बाबा म्हणाले.

थोरली तोवर होडीत बसली होती. धाकटी धावत जाऊन तिच्याबरोबर निघाली. धक्क्यालगतच पहिला पिंजरा वर आला. सगळी कालवं उघडी पडलेली, वास सुटलेला. दुसराही तसाच. तिसऱ्यात मूठभर जिवंत होती. थोरली ती ओंजळीत धरून रडली.

"मासे तळातून जिवंत निसटले, मग कालवंच का मेली गं?"

"त्यांना पळता येत नाही, ताई."

"पण मला दोरी ओढता येत होती!" थोरली म्हणाली. मग धक्क्यावरच्या गर्दीकडे वळून ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "बाबांना काय विचारायचं ते मागून विचारा. आधी आपापले पिंजरे वर घ्या!"